उजवा डोळा, सहा बाय सहा

४ नोव्हेंबर, सकाळी
सर्दीचा नववा दिवस. कपाळ जड, नाकातून पिवळं. त्यात आज उजवी पापणी सुजली. रांजणवाडी. एकवीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, डोळ्यातलं मला कुणी शिकवू नये.

बायको म्हणाली, नाक आणि डोळा एकाच बाजूचे, एकदमच बिघडलेत, डॉक्टरांना दाखवून या. तिला समजावलं की नाकाचं खातं वेगळं, डोळ्याचं वेगळं. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. सगळ्यांना सहा वर्षांचं समजते.

संकल्प: गरम फडक्याने शेक, दिवसातून चारदा. चर्चा बंद.

५ नोव्हेंबर
शेक दोनदा झाला. सूज वाढली. म्हणजे आतलं बाहेर येतंय, लक्षण चांगलं. मागच्या वर्षीच्या दातदुखीच्या तीन गोळ्या सापडल्या. दोन घेतल्या, एक अडीनडीला ठेवली.

शोकेसमधला गॉगल लावून दुकानात बसलो. एका बाईंना नेमका तोच आवडला. काढून द्यावा लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा येते म्हणाल्या.

६ नोव्हेंबर, दुपारी
ताप एकशे एक. डोळा आपोआप उघडत नाही. बोटांनी उघडावा लागतो. हलवला की खोल आत दुखतं, म्हणून हलवत नाही. प्रश्न मिटला.

बायकोची कटकट थांबावी म्हणून दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर रीतसर तपासणी केली. डावा डोळा झाकला, उजवा उघडून धरला. शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. सहा बाय सहा, म्हणजे नजर पूर्ण. लगेच फोन करून कळवलं. ती म्हणाली, मुलं पाठ म्हणतात की वाचतात हे मला आवाजावरून कळतं.

७ नोव्हेंबर, सकाळी
आज तिने शाळेतून रजा घेतली. मला खिडकीपाशी बसवलं, डावा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला आणि विचारलं, बोटं किती. मी म्हणालो, तीन. ती म्हणाली, अहो, दुसरा हात मी वर केलेलाच नाही.

तपासणीची ही पद्धत शास्त्रीय नाही. तरी रिक्षात बसलो.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी. हॉस्पिटल
नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. नाकाशेजारच्या सायनसमध्ये पू. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदाइतकं पातळ हाड, पू तिथून पलीकडे गेलाय. डोळा पुढे ढकलला गेलाय, मागची नस दाबली जातेय. ऑपरेशन आजच. इतकी वर्षं या धंद्यात, आणि ती भिंत तिथे आहे हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी विचारलं, दिसायचं कधी बंद झालं. मी म्हणालो, आज सकाळी.

इथे खरं लिहितो. परवा संध्याकाळपासून धूसर होतं. काल तक्ता दिसलाच नाही. भीती वाटली होती. आता तीही वाटत नाही.

१० नोव्हेंबर
नाकातूनच आत जाऊन पू काढला. सलाईनमधून औषधं चालू. ताप नाही, सूज उतरतेय. डोळ्यांचे डॉक्टर रोज टॉर्च मारतात, हं म्हणतात आणि कागदावर लिहितात. ते हं मला ओळखीचं आहे. मीही गिऱ्हाइकासमोर असंच करतो.

संकल्प: सोमवारी दुकान उघडणे.

१९ नोव्हेंबर
सोमवार होऊन गेला. डोळा आरशात अगदी पहिल्यासारखा दिसतो. शेजारी म्हणाले, कळतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, नस दोन दिवस दाबलेली राहिली, आता त्या डोळ्याकडून अपेक्षा ठेवू नका. मी बरं म्हणालो. काही वाटलं नाही.

चार वाजता चहा मीच केला. किटली उचलून ओतला. कप होता त्याच्या अलीकडे, टेबलावर पडला. दुसऱ्यांदाही तसंच. बायकोने कप सरकवून धारेखाली धरला.

मी म्हणालो, किटलीची तोटी वाकडी आहे.

ती हो म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली. माझ्या कुठल्याही सबबीला ती आजवर हो म्हणाली नव्हती.