दोरी कोणी फेकली

४ डिसेंबर १९८८, रविवार
आमच्या अभ्यास मंडळाची मीटिंग. सभासद बरेच आले होते, जागा मी एकटाच होतो. विषय मांडला : ‘गुरांचा मुलुख आणि काऊबॉय संस्कृती – अभ्यास सहल’. रुपचंद वकिलांनी विचारलं, काऊबॉय म्हणजे गुराखीच ना? असल्या माणसांत मला मंडळ चालवायचं आहे. शांतपणे सांगितलं, गुराखी गुरांच्या मागून चालतो. काऊबॉय घोड्यावर बसून इतिहास घडवतो. वकील म्हणाले, बरं, जेवणाचं काय?

अमेरिका लांब पडते. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी अभिमन नाना नावाच्या गृहस्थांची पुष्कळ गुरं आहेत आणि चराऊ रानही आहे. गवत ते गवत. बाकीचं मी समजावून देईन. अमळनेरात भूगोल शिकवायला सुरुवात केल्यापासून मी बाकीचंच समजावून देत आलो आहे.

नवीन सभासद प्रमिलाबाई खास धुळ्याहून आल्या होत्या. तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवतात. एकट्याच राहतात. आवाज गोड, पण गप्पांच्या भरात अहिराणीकडे घसरतात. सुधारता येईल. मीटिंगमध्ये त्यांनी वारंवार माझ्याकडे पाहिलं. घड्याळ माझ्याच मागच्या भिंतीवर आहे, हा योगायोग.

११ डिसेंबर
फास टाकण्याची प्रॅक्टिस. लक्ष्य : नळाखालची बादली. बादली अत्यंत बेशिस्त. दोष दोरीचा आहे. अमेरिकेत चामड्याची असते. शेजारच्या नर्मदाबाई विचारायला आल्या, आमची कपडे वाळत घालायची दोरी पाहिलीत का? म्हटलं, राष्ट्रीय शिक्षण धोरणावर विचार चालू आहे, नंतर या.

निश्चय : सहलीतच प्रमिलाबाईंना लग्नाचं विचारायचं. घोड्यावर बसूनच. त्यांचं वय चौतीस, माझं त्रेचाळीस. पण विचारांनी मी तरुण आहे आणि त्या जरा जुन्या, म्हणजे बरोबर जमतं.

२४ डिसेंबर, सकाळी, एसटीत
हॅट घातली आहे. कंडक्टरने तिकीट देताना ‘कुठला पिक्चर?’ म्हणून विचारलं. हॅट आणखी खाली ओढली. चिंधा कंपाउंडर कॅमेरा गळ्यात अडकवून रुबाब करतो आहे. फिल्म घातली आहे का विचारलं तर म्हणे, घालू की, अजून काय घाई आहे.

धुळ्याला प्रमिलाबाई चढल्या. माझ्या शेजारची जागा मी हॅट ठेवून राखली होती. त्या वकिलीणबाईंजवळ जाऊन बसल्या. संकोच. लक्षण चांगलं आहे.

संध्याकाळ
पोचलो. अभिमन नाना अंगणात बाजेवर बसले होते. भरघोस मिशा, मोठा आवाज, शिक्षण शून्य. माझ्याकडे बघून पहिला प्रश्न : “हाई टोपी कसाले?” मी शुद्ध मराठीत हॅटचा भौगोलिक संदर्भ सांगितला : ऊन, धूळ, उघडं माळरान. ऐकता ऐकता नानांना झोप लागली. प्रवासाचा शीण मला आणि झोप त्यांना.

घोडा मागितला. आहे म्हणाले. आणली ती पांढरी घोडी, गळ्यात घुंगरांचा पट्टा. चढलो. टाच मारली, दोन्ही टाचा मारल्या, इंग्रजीतही बोललो. घोडी जागची हलेना. नाना म्हणाले, “सर, घोडी लगननी शे. बँड वाजस तवयच चालस.”

मंडळी जमिनीवर बसून हसली. प्रमिलाबाईही हसल्या, पण वेगळ्या अर्थाने. उतरताना पँट किंचित उसवली. आज विचारणं योग्य होणार नाही.

नानांचा गुराखी पुना. वाळका, टायरच्या चपला, डोक्याला मळका रुमाल. काऊबॉयचं एकही लक्षण नाही. बायको ताईबाई गोठ्याच्या कडेला छपरीत राहते. लग्न होऊन ती याच छपरीत आली म्हणे. प्रमिलाबाई तासभर तिच्याशी चुलीजवळ गप्पा मारत बसल्या. अभ्यास सहलीत चुलीजवळ कसला अभ्यास? पण बाईमाणूस आहे, लग्नानंतर आपोआप कमी होईल.

२५ डिसेंबर, सायंकाळी
आजचा दिवस नीट लिहून ठेवला पाहिजे. लोक उलटसुलट बोलतील.

दुपारी आंब्याखाली जेवणं चालली होती. भरीत आणि कळण्याची भाकरी. वकील इतके जेवले की अभ्यास संपला. पुना गुरं ओढ्यावर पाणी पाजून परत आणत होता. बांधाला लागून नानांचा हरभरा आहे, घाट्यांनी भरलेला. मला संधी दिसली. पुनाला म्हटलं, जा, जेवून घे, गुरांकडे मी बघतो. तो घुटमळला. मी जरा दटावलं, शाळेत दटावतो तसं. गेला.

मंडळींच्या पाठी माझ्याकडे, लक्ष भरिताकडे. एक तांबडा गोऱ्हा नेमका समोर होता. दोरी डोक्यावर फिरवली, फेकली. आणि हे मी प्रामाणिकपणे लिहितो की फास बसला! गोऱ्ह्याला नाही, त्याच्या पलीकडच्या म्हाताऱ्या गायीच्या शिंगांत बसला, पण अंतर त्यामुळे वाढलंच. असा फास टाकणारा माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा नसेल.

गाय बिथरली. दोरी माझ्या हातातून सुटली (मी सोडली). गाय दोरी ओढत हरभऱ्यात घुसली आणि बाकीची गुरं तिच्यामागे. या जनावरांना नेतृत्वाची पारख नाही. मी निरीक्षणासाठी जवळच्या कडुलिंबावर चढलो. वरून दृश्य भव्य होतं, अमेरिकेसारखंच.

मंडळी ओरडत धावली. पुना हातातली भाकरी टाकून धावला. गुरं बाहेर काढेपर्यंत निम्मा हरभरा मातीत गेला होता. नाना आले. आवाज असा की मी आणखी एक फांदी वर गेलो.

“ढोरे सोडीसन तू भाकर खावाले गया?”

पुनाने मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही कोण जाणे. घेतलं असतं तर मी झाडावरूनच खुलासा केला असता.

“सकाये निंघी जाय,” नाना म्हणाले. “तुनी बायको, तुनं बिऱ्हाड, बठ्ठं घी जाय.”

खाली उतरल्यावर ठरवलं, नानांना खरं सांगायचं. पण चिडलेल्या माणसाला सांगून उपयोग नाही, म्हणून चहानंतर. चहानंतर वाटलं, एवढ्या लोकांसमोर नको. आता असं ठरवलं आहे की अमळनेरला गेल्यावर सविस्तर पत्रच लिहावं, म्हणजे मुद्दे सुटणार नाहीत.

प्रमिलाबाई गोठ्यामागे भेटल्या. मी दोरी फेकली तेव्हा त्या म्हणे ओढ्याकडे हात धुवायला आल्या होत्या. “सर, दोरी तुमची होती. नानांना आत्ता सांगा. ती माणसं उद्या कुठे जातील?” मी समजावलं की शिक्षकाची प्रतिमा ही त्याची एकट्याची नसते, ती विद्यार्थ्यांची ठेव असते. त्या बराच वेळ टक लावून माझ्याकडे बघत राहिल्या. अशी नजर मी ओळखतो. उद्या विचारायचंच.

२६ डिसेंबर, दुपारी, परतीच्या एसटीत
अक्षर वाकडं येतं आहे. गाडी खडखडते म्हणून.

सकाळी अंगणात सगळे निरोपाला जमलो. छपरीपुढे पुनाचं बिऱ्हाड बांधून तयार : एक गोधडी, डबे, पितळी हंडा. ताईबाई हंड्याला दोरी बांधत होती आणि पदराने डोळे पुसत होती. नाना तिकडे बघत नव्हते. मीही नाही. तेवढ्यात प्रमिलाबाई पुढे झाल्या आणि चक्क अहिराणीत म्हणाल्या, “नाना, पुनानी काही चुकी नही शे. त्याले जेवाले आम्हीच धाडं. दोरी मी फेकी.”

नाना उठून उभे राहिले. “तू फेकी?”

“हो.”

“गायना शिंगमा?”

“हो.”

नाना जे हसले ते मिशा हलेपर्यंत हसले. बाजेवर बसले, परत उठले, घरातल्या सुनांना हाका मारून बाहेर बोलावलं. बघा म्हणे, ही बाई, शाळेतली मास्तरीण, हिनं शिंगात फास टाकला! म्हातारी गाय पुढे आणून सगळ्यांना शिंगं दाखवली, जशी काही पहिल्यांदाच पाहत होते. हरभरा विसरले. पुनाला ओरडले, हंडा खाली ठेव, गुरं सोड, उशीर झाला. ताईबाईने येऊन बाईंचे हात धरले. चिंधाने फोटो काढला. वकिलांनी ‘मंडळाचा अभिमान’ असं भाषण सुरू केलं.

आणि मी काय करत होतो? माझा फास! आयुष्यात पहिल्यांदा बसलेला फास, माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर गेला. मला राहवलं नाही. पुढे होऊन ओरडलो, “खोटं आहे! दोरी मी फेकली! मी एकट्याने!”

सगळे माझ्याकडे बघू लागले. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ. “ऱ्हाऊ द्या सर. बाईले वाचाडाकरता खोटं बोली राह्यनात. मन मोठं शे तुमनं.”

मी म्हटलं, मन मोठं नाही, फास माझा आहे! शपथेवर सांगितलं. साक्षीदार म्हणून प्रमिलाबाईंकडे पाहिलं, तर त्या चष्मा पुसत होत्या. मग प्रात्यक्षिकाचं आव्हान दिलं. गाय स्थिर उभी केली. सगळं गाव गोल करून उभं. दोरी फिरवली, फेकली. पहिली माझ्याच पायात पडली. वाऱ्याची दिशा चुकीची होती. दुसरी वकिलांवर. तिसरी बराच वेळ वर फिरली आणि माझ्याच गळ्यात बसली, हॅटसकट.

“पुना,” नाना म्हणाले, “सरना गळामाईन फास काढ रे. आस्ते.”

पुनाने काढला. तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. नाना लोकांना सांगत होते, बघा, बाईसाठी माणूस स्वतःचं हसं करून घेतो, असे सर पाहिजेत. टाळ्या पडल्या. मला टाळ्या नको होत्या. म्हणजे या टाळ्या नको होत्या.

थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. आता लक्षात येतं आहे. बाईंनी भर अंगणात माझा दोष स्वतःवर घेतला. का? कोण बाई कोणासाठी असं करते? उत्तर एकच. माझी प्रतिमा त्यांना जपायची होती. हे त्यागाचं प्रेम आहे. मी मूर्खासारखा रागावलो. धुळ्याला त्या उतरतील, तिथे बोलतो. घोड्याची गरजच नाही.

२६ डिसेंबर, संध्याकाळी, धुळे स्टँड
मंडळी भजी खायला पांगली. प्रमिलाबाईंना कॅन्टीनमध्ये बसवलं. दोन चहा सांगितले. सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, बाई, सकाळी तुम्ही जे केलंत त्यामागची भावना मला समजली आहे. तुमच्या तोंडून एकदा ऐकायची आहे. माझ्यासाठी एवढं का केलंत?

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, “ताईबाई हंडा बांधत होती, मला बघवेना. दुसरं काही सुचलं नाही.”

म्हटलं, आणि माझा विचार?

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. एवढं मला कबूल केलं पाहिजे, त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“नाही हो सर,” त्या म्हणाल्या. “तुमचा विचारच मनात आला नाही.”

मग पर्स उचलली, येते म्हणाल्या, रिक्षा बघायला गेल्या. चहा नंतर आला. दोन्ही मीच प्यालो.