ओठाची डावी कड

८ डिसें.
कॉलेज बँडच्या तालमीत वरचा सूर फाटला. दोनदा. ओठाच्या डाव्या कडेला काही कळतच नाही. ट्रम्पेटवाल्यांचं हे नेहमीचंच, जास्त फुंकलं की ओठ बधिर. सर म्हणाले, "दोन दिवस हात लावू नकोस." होस्टेलवर येऊन तूप चोळलं न् झोपले.

१० डिसें.
चहा अर्धा पोटात, अर्धा ओढणीवर. हसू आलं. आरशात पाहिलं तर हसणंही अर्धंच. डावा डोळा मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, होतं कुणाकुणाला. "लगेच का नाही आलीस?" काय सांगणार, ओठ गेला की आम्ही तूप लावतो!
बरं होईल का? बहुतेकांचं होतं म्हणाले. ट्रम्पेट वाजवता येईल का? तर म्हणे, "आधी डोळा सांभाळ." असा राग आला.

१३ डिसें. सावदा.
आई बघूनच रडली. फैजपूरचे लोक मला बघायला येणार होते, ते आता लांबवायचं. "कितीदा सांगतलं तुले, पोरीच्या जातीनं बाजा फुकू नाही! आता त्या लोकाईले काय सांगू मी?" अक्काचं, म्हणजे मोठ्या काकूचं, वेगळंच. "फुकून फुकून तोंडात वारं शिरलं तिच्या." कावळा बसायला न् फांदी तुटायला!
आईला माझ्या लग्नाचं पडलंय, मला ओठाचं. पप्पा केळीची गाडी भरून आले, माझ्याकडे न बघता जेवले. तेच जास्त लागलं.

२२ डिसें.
गोळ्या संपल्या. आरशापुढे रोज ई, ऊ, गाल फुगव. फुगतो कसला, हवा डावीकडून पळते. रात्री डोळ्याला पट्टी.
सरांनी फोन करून बोलावलं. धुळ्याच्या बँड स्पर्धेला पाच जण लागतातच. माझी ओळ योगेश वाजवणार, दुसरा ट्रम्पेट तोच. "तू नुसती बस. फुंकू नको. सुरुवातीचा श्वास तेवढा दे."
आम्हा पाचांत काठी हलवणारा कुणी नाही. मी नाकानं जोरात श्वास घेते, त्यावर बाकीचे सुटतात. दोन वर्षं हे माझंच काम. मी हो म्हणाले. सोंग आहे, पण सावद्याला तोंड लपवून बसण्यापेक्षा बरं.

२ जाने.
तालीम. श्वास दिला, चौघं सुटले, एकदम बरोबर. मी ओठाला ट्रम्पेट टेकवून नुसती बोटं दाबायची. आवाज शेजारून. योगेश माझी ओळ जरा घाईनं वाजवतो. पण चांगली वाजवतो, खोटं कशाला लिहू. वाटलं, ह्याचाही ओठ एकदा... छी.
भूषण, आमचा ट्युबावाला, सगळ्यांत मोठा भोंगा त्याचा, धुळ्याकडचा. जाताना म्हणाला, "ताई, बठ्ठं बरं हुई जाई." सगळं बरं होईल असं कुणीतरी म्हणालं, बरं वाटलं. डोळा आज किंचित मिटला. ओठ ढिम्म.

९ जाने.
धुळे झालं.
पहिल्या दोन धुना माझ्या श्वासावर. तिसरीच्या आधी मी रुमालानं ओठाची कड पुसत होते, लाळ येते तिथून. रुमाल मांडीवर ठेवला, मान वर केली, आणि चौघं सुटले. मी अजून श्वास घेतलाच नव्हता. योगेशनं दिला असणार. कुणीसुद्धा चुकलं नाही. मी आपली धांदलीत ट्रम्पेट ओठाला लावून बसले.
त्यांनी मुद्दाम नाही केलं, माहितेय मला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
दुसरा नंबर. सगळे नाचले. फोटोत मला उजवा गाल पुढे करून उभं केलं. परतताना बसमध्ये सर शेजारी येऊन बसले. फर्स्ट इयरची एक मुलगी शिकायचं म्हणते, कॉलेजचे ट्रम्पेट दोनच. "सोमवारी आणून देशील? बरी झालीस की परत तुझाच."
पुसून आणते म्हणाले. पुसायचं काय त्यात? महिनाभर फुंक कुठे गेलीय आत.
पारोळ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. डाव्या डोळ्यातून तसंही सारखं पाणी येतं, कुणी विचारलं नाही.

११ जाने. रवि.
खोलीतल्या मुली बाहेर गेल्यावर नुसता माउथपीस लावून पाहिला. हवा. परत. हवा. परत केलं तेव्हा उजव्या, धड कडेवर सुरासारखं काहीतरी थरथरलं. खरंच, की मला तसं हवंय म्हणून, देव जाणे. मग तासभर काहीच नाही.
आईचा फोन, तिला कालच सांगितलेलं. "देऊन टाकला का वं तो बाजा?"
"उद्या," म्हणाले.
ट्रम्पेट पलंगावर आहे, पेटीत घातला नाही अजून. सरांना काय सांगायचं ते ठरत नाही.