डबा भरून पाठवू नकोस

सानपाडा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय आई,

तुला आणि आप्पांना नमस्कार. इथे आमचं ठीक चाललंय. तुझा जावई स्वराज कामावरून आला की भाजी करतो आणि मीठ विसरतो. भैरूमामा गावाहून भाजीचा टेम्पो घेऊन वाशी मार्केटला आले की तुझा डबा पोचतोच. डिंकाचे लाडू झकास झालेत.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "अंगावर मांस चढलं की दुखनं पळतंय बग," म्हणतेस आणि रडायला लागतेस. म्हणून लिहिते.

मांस चढलंय, आई. पाय जड झाले तसं फिरणं थांबलं, मध्ये स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, वर तुझे लाडू. वजन ब्याऐंशी किलो. तुझ्या भाषेत मी आता जरा माणसात आले.

परवा एमआरआय झाला. मेंदूत नवा डाग दिसतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या या मज्जातंतूंच्या आजारात, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, वजन जास्त असलं की काही औषधं कमी लागू पडतात असं दिसतं. तुमचं तेच कारण, असं छातीठोक नाही सांगणार. औषध बदलू, पण वजन उतरवा." मी तिथेच रडले.

यात तुझी चूक नाही. आजारी माणसाला आपल्याकडे दुसरं काय देतात? आणि मी तरी कुठे नको म्हणाले? झाकण उघडलं की आपल्या स्वयंपाकघराचा वास येतो. त्यापुढे कोणाचं पथ्य टिकणार.

स्टेशनपर्यंत फिरून येते, असं तुला सांगते ना, ते खरं नाही. उजवा पाय उचलत नाही. घरात भिंत धरून चालते. हे तुला कळू नये म्हणून दिवाळीला आले नाही, सुट्टी मिळत नसल्याचं निमित्त केलं. मला फार भीती वाटते, आई.

आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. दर वेळी मी साखर, शेंगदाणे, काहीतरी घालत आले. या वेळी आत फक्त हे पत्र आहे. तू तो लाडवांनी भरू नकोस. दोन साड्या घाल आणि भैरूमामांच्या टेम्पोतून तूच ये. तुझ्या हातची भाकरी आणि पालेभाजी खाईन, मोजकी. मग सकाळी तुझा हात धरून सोसायटीत चालेन.

बेल एकदाच वाजव आणि थांब. दार मीच उघडणार आहे, जरा वेळ लागेल.

तुझी,
प्रियदर्शिनी