चेहरा वेगळा निघणारे डोके

पुनावळे,
रविवार, दुपार

प्रिय अंजली,
सप्रेम जयभीम.

सात महिन्यांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात डोक्याच्या रचनेपासून करते आहे, याचे तुला नवल वाटणार नाही. ‘ताईला माफी मागायची झाली तरी ती आधी आकृती काढेल,’ असे तू एकदा बाबांना म्हणाली होतीस. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आले होते. या वेळी आकृती जोडलेली नाही. पण निर्णय झाला आहे आणि तो सर्वांत आधी तुला कळायला हवा. नव्या बाहुलीचे डोके मी टोपीचे केलेले नाही. फेसप्लेटचे केले आहे.

हा वाद तुला पाठ आहे; तरीही माझी बाजू एकदा सलग मांडते, कारण समोरासमोर तू मला ती कधी पूर्ण करू दिली नाहीस. टोपीच्या डोक्यात चेहरा, कान आणि मान एकसंध राहतात. कवटीचा मागचा भाग तेवढा झाकणासारखा निघतो. आतून डोळे बसवायचे, मानेतला आकडा रबराच्या दोरीत अडकवायचा आणि चुंबकांवर टोपी परत ठेवायची. सांध्याची रेघ केसांखाली जाते, ती कुणाला दिसत नाही. फेसप्लेटच्या डोक्यात कवटी मानेवर कायम राहते आणि चेहराच कपाळापासून, कानांच्या पुढून, हनुवटीच्या खालून ताटलीसारखा सुटा होतो. रेघ जिथे दिसू नये नेमकी तिथेच दिसते. तुझे म्हणणे असे की, चेहरा सुटा झाला तर तो डब्यात घालून चऱ्होलीला नेता येईल, घरचे आवरून दुपारच्या उजेडात रंगवता येईल; दर वेळी तास-दीड तासाचा प्रवास करून माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली बसायला नको. त्यावर मी म्हणाले होते की, सोयीसाठी सौंदर्याला चीर पाडणे मला मान्य नाही. वाक्य चांगले होते. खरे कारण मात्र दुसरे होते. ते मला अलीकडे कळले.

इकडची हकिकत फारशी नाही. चाकणच्या कंपनीत नव्या गाडीच्या दिव्यांच्या काचा सुरू झाल्या आहेत आणि तपासणी विभाग अजून माझ्याकडेच आहे. सकाळी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी असते. पोरे उभी राहून येतात, पण तिथे बसत नाहीत. पूर्वी मी याला धाक म्हणत असे. बाबा तुझ्याकडे राहायला गेल्यानंतर त्यांच्या खोलीत मी रेझिनचे डबे ठेवले. खोली रिकामी दिसू नये एवढाच हेतू होता. डब्यांना जागा दुसरीकडेही होती. तुला आठवते ना, आपले भांडण झाल्यावर आठवड्याने ते बॅग भरून निघाले तेव्हा काय म्हणाले? ‘रश्मी, मी जरा अंजूकडं राहतो. तुझ्याकडं फार शांत असतं.’ मी त्यांना म्हणाले की, शांतता ही या वयात गरजेची गोष्ट आहे. गेल्या गुरुवारी सुट्टी होती. संध्याकाळी लक्षात आले की, दिवसभरात माझा आवाज एकदाच निघाला होता, पार्सल घेऊन आलेल्याला चार आकडे सांगताना.

आता त्या चेहऱ्याविषयी. तू मला सांगितले होतेस की, बाहुली कोचीच्या एका गिऱ्हाइकासाठी आहे: वयस्क बाई, नऊवारी, कपाळाला काही नाही. मी डोके ओतून दिले आणि तू ते सोळा दिवस रंगवलेस. तू गेल्यावर मी नेहमीप्रमाणे भिंग लावून तपासले. डावी भुवई उजवीपेक्षा दशांश नऊ मिलिमीटर वर होती. मी फोटो काढला, दोषाभोवती लाल वर्तुळ केले, शेरा लिहिला, ‘भाव साशंक’, आणि स्पिरिटचा बोळा घेऊन सगळा चेहरा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा डोके कोरे होते आणि शेजारी माझी टीप होती. तू टीप वाचली नाहीस. ‘तुला कळलंच नाही?’ एवढेच विचारलेस. मला वाटले, तू मला कलेतले कळत नाही म्हणते आहेस, म्हणून मी मापांतल्या फरकाच्या मर्यादा, गिऱ्हाइकाची अपेक्षा, कामाची शिस्त यांवर पाऊण तास बोलले. तू ब्रश गुंडाळलेस. दारात म्हणालीस, ‘ताई, तुझ्या हाताखालची माणसं घरी जाऊन काय सांगत असतील गं?’ मी म्हणाले, प्रश्न विषयाला सोडून आहे.

गेल्या महिन्यात कस्तुरामावशी आली होती. चाकणच्या बाजारात आईबरोबर कांदा निवडायला बसायची, तीच. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली आणि नऊ मजले लिफ्टने चढताना डोळे मिटून उभी होती. चहा घेताना टेबलावरचे हात-पाय पाहून दचकली. मी तिला समजावले की, या लहान मुलींच्या बाहुल्या नाहीत, मोठी माणसे हौसेने जमवतात. यांचे गुडघे, कोपरे, मान गोल सांध्यांवर वळतात आणि आतून रबर ओवलेले असते. ‘म्हंजी आपल्यावानीच की,’ ती म्हणाली, ‘आमचं रबार तेवढं ढिलं झालंय.’ मग, पूर्ण झालेली एखादी दाखव, म्हणाली. मी फोनवर फोटो दाखवू लागले. सरकवता सरकवता तो लाल वर्तुळाचा फोटो आला आणि तिने माझा हात धरला.

‘आगं, ही तर चतुरा!’

मी म्हणाले, मावशी, ही गिऱ्हाइकाची बाहुली आहे.

‘कसलं गिऱ्हाईक? अंजी आली हुती न्हवं माझ्याकडं, कंची भुवई वर हुती त्ये इचारायला. बापाच्या ऐंशीला आई द्यायची म्हनली. डावी, म्या सांगितलं. हमालाचा हूक लागला हुता, आमच्या म्होरंच. तू पोटात हुतीस तवा. तीन टाकं घातलं डाक्टरनं, त्येबी वाकडं. तवापास्नं भुवई खाली उतरलीच न्हाई बघ. आमी चिडवायचो तिला, चतुरे, सारखी काय इचारतीस गं? आन ही लाल रेघ कुनी वढली?’

मी तिला सांगितले की, ती रेघ फोटोत चुकून आली आहे. अंजली, माझ्या आठवणीतले मी जाणूनबुजून बोललेले हे पहिले खोटे आहे.

ती गेल्यावर मी भिंतीवरची आईची तसबीर खाली उतरवली. आई गेल्यावर शिधापत्रिकेवरच्या फोटोवरून ती मोठी करून घेण्याचे काम माझ्याकडे होते, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असे की, मी ती स्टुडिओतून दोनदा परत पाठवली होती. ‘दोन्ही बाजू सारख्या करा,’ असे सांगितले होते. त्याने भुवया सारख्या करून दिल्या आणि अकरा वर्षे मी त्याच चेहऱ्याला आई म्हणत आले. तेव्हा तुझे रंगवलेले डोके हातात घेऊन मी तिला ओळखले नाही, यात आश्चर्य नाही.

पण हेही पूर्ण खरे नाही. ओळखले नाही, तर मला तो चेहरा पाहताना राग का आला? कामात चूक सापडली की मला राग येत नाही, समाधान वाटते. त्या रात्री मात्र बोळा फिरवताना माझा हात नको इतका जोरात चालला होता. आता कारण सांगते. दहावीला मला एक्क्याण्णव टक्के पडले. वसाहतीत तेवढे कुणालाच नव्हते. बाबांनी पेढे वाटले. आईने गुणपत्रिका हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले, एक भुवई वर करून. मला वाटले, ती विचारते आहे, बाकीचे नऊ कुठे गेले? बारावीला तेच. सुवर्णपदकाला तेच. डॉक्टरेटच्या दिवशी ती नवे पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली होती, मी व्यासपीठावरून पाहिले आणि तिथेही तीच भुवई. तिला वाचता येत नव्हते हे मला कळत होते, तरी त्या नजरेला पुरे पडायचे म्हणून मी आयुष्यभर दशांशापर्यंत नीट वागले. आणि ज्याला मी शंका समजत होते, ते तीन वाकडे टाके होते. तू तिचे केस विंचरायचीस, तुला ते बोटांना लागले असतील. मी समोर उभी राहून तिला गुण दाखवत होते.

म्हणून डोक्याचा प्रश्न पुन्हा उघडला. टोपीच्या डोक्याचा एक गुण मी तुला कधी सांगितला नव्हता. चेहरा त्यात सुटा होत नसल्यामुळे रंगवून झाल्यावर ते डोके माझ्याकडेच येते: डोळे बसवायला, मानेत आकडा घालायला. तुझे प्रत्येक काम शेवटी माझ्या हातून, माझ्या भिंगाखालून जाणार, याची ती हमी होती. सौंदर्याची चीर वगैरे नंतरचे. फेसप्लेटमध्ये मी माझे सगळे काम आधी संपवते. कवटी, मान, आकडा, चुंबकांच्या जागा. डोळेही तू तुझ्या घरी मागून बसवू शकतेस. चेहरा सर्वांत शेवटी येतो, जागेवर ठेवला की टक्कन बसतो, आणि मला त्याला हात लावायचे कारण उरत नाही.

साचे मी एकवीस दिवसांत केले. पहिल्या चार प्लेटा आक्रसल्या. दोष माझा, दमट हवेत मिश्रण घाईने ओतले. पुढच्या बऱ्या निघाल्या. हनुवटीखाली रेघ दिसते, सुती धाग्याएवढी. मी ती घासून आणखी बारीक करू शकले असते, पण मग कडा झिजून चेहरा सैल बसला असता. दिसू दे. त्यांतल्या सात प्लेटांवर मी स्वतः आई रंगवून पाहिली. सातही वेळा दोन्ही भुवया एका पातळीत आल्या. मुद्दाम डावी वर घेतली तेव्हा तिचा चेहरा न होता फक्त चूक दिसली. त्या सातही पुसल्या आहेत; त्या पुसायला मला कुणाला विचारावे लागले नाही.

या पत्राबरोबरच्या डब्यात दोन कोऱ्या प्लेटा आहेत. एक बाबांसाठी. त्यांना येत्या बावीस तारखेला ऐंशी पूर्ण होतात आणि तेवढ्यात तुझा हात चालेल की नाही हे मी ठरवणार नाही. दुसरी जमली तर माझ्यासाठी, नाहीतर राहू दे. रंगवल्यावर फोटो पाठवू नकोस. पाठवलास तर मी तो मोठा करून पाहीन, आणि तो मोह मला टाळायचा आहे. तुझी जी चूक मी पुसली ती चूक नव्हती, हे लिहायला मला सात महिने आणि कस्तुरामावशी लागली. मी चुकले, अंजू. याच्यापुढे मला वाक्य सुचत नाही.

हे सर्व मी चिठ्ठीतही लिहू शकले असते. पत्र लिहिण्याचे कारण असे की, अंग अजून ओवायचे राहिले आहे. सगळे तुकडे बाबांच्या पलंगावर वर्तमानपत्रावर क्रमाने मांडलेले आहेत, आठ दिवस. तुला ठाऊक आहे, रबर पायातून वर ओढून मानेच्या आकड्यात अडकवायला दोन माणसे लागतात. एकाने ओढायचे, दुसऱ्याने धरायचे. मी दाराच्या कडीला बांधून तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा रबर सुटून बोटांवर बसले. कंपनीत दुसऱ्या माणसाची गरज पडू नये अशी साधने करून देण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे; यासाठीही दोन पकडी आणि एक फळी अर्ध्या तासात जोडता येईल. मी ती जोडलेली नाही, आणि जोडणारही नाही. पुढच्या रविवारी हे तुकडे घेऊन मी चऱ्होलीला येऊ का? आजवर नेहमी मी ओढत आले आणि आणखी, आणखी म्हणत राहिले; तू आकडा धरून बसायचीस आणि तुझी बोटे लाल व्हायची. या वेळी तू ओढ. मी धरते. ताण किती पुरे, ते तू सांग.

तुझीच,
रश्मीताई