यमूचा इंग्रजी प्रश्न

कळंब, मंगळवार, आषाढ १९४८. संध्याकाळ.

उद्या पहाटे यमू बैलगाडीनं संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं बार्शीला, तिच्या मावशीकडं जाणार. इथं दंगलीच्या भीतीनं शाळा बंद. तिथल्या शाळेत इंग्रजी विचारतील, म्हणून आज पुन्हा शिकवायला बसलो. आईविना वाढलेली आठ वर्षांची पोर चालली, तरी मला काहीच होत न्हाय. असं कसं?

पाटीवर लिहिलं, आय गो, यू गो. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"यू गो?"

मी काय करावं? चूक काढली. "प्रश्न विचारताना आधी डू लावायचं."

"डू यू गो, बाबा?"

"शाबास," म्हणालो अन् पुस्तकाचं पान उलटलं. शाबास का म्हणालो? ती तशीच बघत राहिली. माझ्या म्हाताऱ्या आईला अंथरुणावरून हलवता येत न्हाय, म्हणून मी येणार न्हाय, एवढंच तर सांगायचं होतं.

आता ती आजीच्या उशाशी बसून तेच घोकतीय. डू यू गो, डू यू गो.

आईनं मला विचारलं, "लई गोड बोलती पोर. काय म्हणती रं?"

"काय न्हाय," म्हणालो. "अभ्यास करतीय."