लेकाचं नाव कमी करा

मंगळवार, दिवेलागण

राशन बंद झालं म्हणून आज जीपनं सेनगावला गेले, तहसीलात. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, लेकाचं नाव तुमच्याच कार्डावर हाय. त्याचा पगार धरला की तुमी उत्पन्नात बसत न्हाई. त्याचं नाव कमी करा, मंग बसता."

कमी करा. भाजीत मीठ कमी करा म्हणावं तसं.

प्रकाशचा पगार पुण्यात. त्यातला छदाम इथं येत न्हाई, दिवाळीपासून फोनसुद्धा न्हाई. पण हे त्या खिडकीला काहून सांगू? उलट मीच बोलून गेले, "तो येऊन-जाऊन असतो, मॅडम." साफ खोटं. लाज कुणाची राखली मी, त्याची की माझी?

"मंग राशन कसं मिळंल, मावशी?" त्या हळूच म्हणाल्या आणि अर्ज हातात दिला.

परतताना जीपमधी शेजारणीनं विचारलं, "झालं का काम?" म्हटलं, व्हय.

अर्ज अजून कोराच हाय. डब्यातले गहू सरत आले, सही करावीच लागंल. नाव कमी करा. पण आमी मायलेक एका घरात राहतो, असं आता फक्त त्या कार्डावरच लिहिलेलं हाय.