खुलासापत्र, मुद्दा चौथा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मागची डायरी चार पानांवर थांबली होती, पण तेव्हा मी नुसतीच बीबीए होते. आता प्रॉपर्टी एजंटची सरकारी परीक्षा पास आहे. सर्टिफिकेट रहाटणीच्या ऑफिसात फ्रेम करून लावलंय. आमचे मालक सोपानराव त्या परीक्षेला दोनदा बसले. तिसऱ्यांदा त्यांनी मला बसवलं.

पहिली खरी केस मिळाली. अन्वरचाचा, पप्पांचे चाकणच्या कंपनीतले जुने सोबती. पुढे त्यांनी काळेवाडीला गॅरेज टाकलं. ऑगस्टमध्ये मनगट मोडलं, गॅरेज बंद पडलं, फ्लॅटचे हप्ते थकले. बँकेची नोटीस आलीय. साठ दिवसांत भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. साठावा दिवस १ एप्रिल.

मी म्हटलं, चाचा, आता तुम्ही फक्त झोपा. साठ दिवस म्हणजे पुष्कळ. आधी बँकेला लेखी हरकत, मग तिसाव्या दिवसापर्यंत चांगल्या भावाचं गिऱ्हाईक. लिलावात मातीमोल जाण्यापेक्षा आपण विकू.

झुलेखाचाची म्हणाल्या, झोपलेच आहेत गं ते ऑगस्टपासून.

५ फेब्रुवारी
घरीही बँकेचं एक पाकीट आलंय. आईनं सही करून घेतलं. तिला सही करायला मी शिकवल्यापासून ती पोस्टमनला रिकामं जाऊ देत नाही. पप्पांनी ते माझ्या टेबलावर ठेवलंय. क्रेडिट कार्डाची जाहिरात असणार. रविवारी बघू.

पप्पांची सेकंड शिफ्ट चालू आहे. मी निघते तेव्हा ते झोपलेले, ते येतात तेव्हा मी. आमची भेट अशी टेबलावरच होते.

८ फेब्रुवारी
खुलासापत्र तयार केलं. नियम आहेतच, पण ते पाळतं कोण? म्हणून माझा स्वतःचा फॉर्म. मुद्दा पहिला, मी कोणाच्या बाजूने काम करते. दुसरा, कमिशन कोणाकडून घेते. तिसरा, घरावर बोजा, नोटीस, गळती, शेजारी. चौथा, या व्यवहारात एजंटचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही हितसंबंध आहे का. चौथ्यापुढे मोठ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बरं वाटलं.

सोपानरावांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, पोरी, स्थळ दाखवताना पत्रिका दाखवत्यात, एक्सरे न्हाई. ह्यानं गिऱ्हाईक पळंल.
मी म्हटलं, खरं गिऱ्हाईक पळत नाही. ते म्हणाले, व्हय, ते येतच न्हाई.

१३ फेब्रुवारी
बँकेला चार पानी हरकत दिली. नऊ कलमं उद्धृत केली. चाचांनी विचारलं, यात माझं मनगट कुठे आहे? तिसऱ्या पानावर आहे म्हटलं.

पाय दुखतात. पिंपळे गुरवच्या बसने आज दोन थांबे पुढे नेऊन सोडलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाकीट उघडायचं राहिलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांची यादी केली. पाकीट जाड आणि टणक आहे. जाहिरातीला एवढा चांगला कागद वापरतात, म्हणून बँकांचे व्याजदर जास्त.

२० फेब्रुवारी
हरकत परत आली. चाचांची सही जुळत नाही. मनगटात प्लेट आहे, सही जुळणार कशी? बँकेनं लिहिलंय, कर्जदाराने समक्ष यावे. चाचा लगेच शर्ट बदलायला उठले. मी थांबवलं. समक्ष गेलं की माणूस हात जोडतो, आणि हात जोडले की केस कमजोर होते. आपण सगळं लेखी करायचं.

चाचा शर्टाची बटणं काढत म्हणाले, बेटा, तू शिकलेली आहेस.

२६ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक. हिंजवडीत कामाला असलेलं जोडपं. फ्लॅट आवडला. बाईंनी बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची तेही ठरवलं. मग मी खुलासापत्र वाचलं. तिसऱ्या मुद्द्याला साहेबांना मीटिंग आठवली.

चाची म्हणाल्या, तुझा फॉर्म ऐकून मलाच हे घर नकोसं झालं. किचनच्या नळाचं तुला मी सांगितलं होतं, तू त्यांना सांगायला नाही.
म्हणजे अजून प्रबोधन हवं. थकायचं नाही.

५ मार्च
थकले आहे. पण ते उन्हामुळे.

९ मार्च, रविवार
आज तीन गिऱ्हाइकं एकदम बोलावली. स्पर्धा दिसली की भाव चढतो, असं पुस्तकात आहे. वेळ साडेसहाची दिली. रमजान चालू आहे हे लक्षात होतं, इफ्तारची वेळ मात्र लक्षात राहिली नाही. पाच-सहा मिनिटांत दस्तरखान अंथरला गेला आणि चाचींनी सगळ्यांना बसवलं. तिघांनीही खजूर, भजी, कलिंगड खाल्लं. एकाची आणि चाचांची ओळख निघाली, मोटारसायकलवरून. त्याने घर पाहिलंच नाही. दुसरे म्हणाले, इतक्या चांगल्या माणसांचं घर आम्ही घेतलं तर पाप लागेल. तिसरे डबा घेऊन गेले.

उरलेले दिवस २३. घाबरण्यासारखं काही नाही.

१२ मार्च
टेबल डुगडुगतं. पाकिटाची घडी करून पायाखाली दिली. यादी आता पाठ आहे.

१८ मार्च
बँकेत स्वतः गेले. जाताना बँकेला यादी दाखवायला हवी म्हणून पाकीट टेबलाखालून काढून फाईलवर लावलं. तिथे नागसेन वाघमारे म्हणून अधिकारी आहेत. शांत माणूस. मी बावीस मिनिटं बोलले. त्यांनी मध्येच पाकीट उलटं करून पत्ता वाचला आणि विचारलं, भिवा ओव्हाळ तुमचे कोण? वडील म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. पप्पांचं नाव बँकेतसुद्धा आदरानं घेतात हे बघून ऊर भरून आला.

म्हणाले, ताई, कागद पुरे झाले. कर्जदार आणि जामीनदार, दोघांना एकदा घेऊन या. समोरासमोर बसू, हप्ते पुन्हा बांधून देता येतील. जामीनदारालाही नोटीस गेलीय.
मी म्हटलं, तोंडी मार्गावर माझा विश्वास नाही. ते म्हणाले, बरं. पण पाकीट उघडत चला.
टोमणा कळला नाही. वरच्या पदावरचे लोक असे सूचक बोलतात.

१९ मार्च
चाचांना विचारलं, जामीनदार कोण? ते चपला शोधायला लागले. म्हणाले, आपलाच माणूस आहे, त्याला कशाला त्रास.

हा भाबडेपणा. मित्राचं घर जायला निघालंय आणि हा गृहस्थ दोन महिने तोंड दाखवत नाही. अशा बेजबाबदार माणसाला मी चार शब्द सुनावणार आहे. ऑफिसात सोपानरावांनाही हेच ऐकवलं. ते म्हणाले, सुनाव की. पर आधी त्याचं घर कुठं हाय ते बघ.

२७ मार्च
फ्लॅटच्या जाहिरातीला एक फोन. पाण्याच्या फिल्टरवाला होता.

३१ मार्च, सोमवार
ईद. चाचींकडे शीरखुर्मा. चाचींनी आवराआवर सुरू केलीय. कपाटावरच्या पेट्या खाली आल्यात. मी म्हटलं, चाची, अजून एक दिवस आहे. त्या म्हणाल्या, व्हय बेटी, म्हणून तर पिऊन घे.

वाटी दोनदा भरून घेतली.

४ एप्रिल, शुक्रवार
चाचांकडे बँकेची माणसं आली, फोटो काढले, दारावर ताब्याची नोटीस चिकटवून गेली. घर आजच सोडायचं नाही, पण कागदावर ते आता बँकेचं. जिन्यात वरखालचे सगळे जमले. कोणी म्हणालं, वाचा की, काय लिहिलंय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. कागद कोणी घाईघाईत वाचू नये, म्हणून स्पष्ट आणि मोठ्याने वाचायला घेतलं. कर्जदार, अन्वर हुसेन मुलाणी. जामीनदार, भिवा तुळशीराम ओव्हाळ, राहणार पिंपळे गुरव.

पुढचं खालच्या मजल्यावरच्या काकांनी वाचलं.

घरी आले. पप्पांची सुट्टी होती. पाकीट उघडलं. मागे माझी यादी, आत तीच नोटीस, तारीख ३१ जानेवारी. पप्पांना म्हटलं, बोलला का नाहीत? ते म्हणाले, टेबलावर ठेवलं होतं की. तू रोज त्यावर लिहीत होतीस, मला वाटलं उत्तर लिहितेस.

सही का केली विचारलं. म्हणाले, शिफ्टमधले सगळेच एकमेकांच्या कर्जाला उभे राहायचे. तुझ्या कॉलेजच्या कर्जाला बँक जामीनदार मागत होती. अन्वर लंच टाइममध्ये आला, डबा बाजूला ठेवून सही केली. पुढच्या वर्षी त्याच्या फ्लॅटला मी केली. त्यात विचारायचं काय?

आई म्हणाली, आता ह्या घराला काय व्हतंय का गं? तू शिकलेली हाईस, सांग.
मी नोटीस पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली.

५ एप्रिल, सकाळ
खुलासापत्राच्या चौथ्या मुद्द्यावरचं ‘नाही’ खोडून ‘आहे’ लिहिलं. रेघा दोन होत्या, त्यामुळे खाडाखोड दिसते.

सोमवारी पप्पा आणि चाचा बँकेत जाऊन वाघमारे साहेबांसमोर बसणार आहेत. चाचांनी तोच शर्ट इस्त्रीला दिलाय. लिलावाला अजून महिनाभर तरी आहे, तोवर हप्ते बांधून मिळतील असं साहेब फोनवर म्हणाले. मी विचारलं, फाईल आणू का. चाची म्हणाल्या, नको बेटी, तू रिक्षा तेवढी बुक कर.

साडेनऊची केलीय. टेबल परत डुगडुगतंय.